खिडकीतून आलेलं निदान

ते प्रकरण आठवलं, की अजूनही आधी वाळ्याचा ओला वास येतो.

नामांतराच्या आंदोलनाची ती वर्षं. मी परभणी शहरात नेमणुकीला होतो. ठाण्यातले निम्मे कर्मचारी कायम बंदोबस्तावर असत. एका उन्हाळी दुपारी पेडगावचे एक शेतकरी मुलीला घेऊन आले. मुलीला टीबी झाला होता. खासगी दवाखान्यात पूर्ण उपचार घेऊन ती बरी झाली होती. ही गोष्ट ताडकळसला, तिच्या होणाऱ्या सासरी पोहोचली आणि ठरलेलं लग्न थांबलं.

"सायब, त्या कॉम्प्युटरवाल्या पोरानंच फोडलं," वडील म्हणाले. "यंत्र आलं अन् आमची अब्रू गेली."

दवाखान्यात नुकताच कॉम्प्युटर आला होता. जुने केसपेपर त्यात भरणं चालू होतं. ऑपरेटर बौद्ध होता, फिर्यादी सवर्ण. त्या दिवसांत ठिणगीला एवढं पुरत असे. तक्रार अदखलपात्र होती, तरी नोंद घेऊन मी ऑपरेटरला बोलावलं.

"ताडकळसात तुझं कोण आहे?"

"कोणी नाही साहेब. मी नुसतं टाइप करायलोय. वाचून कंपाउंडर देतात."

खोटं बोलणारा सहसा जास्त बोलतो. हा विचारलं तेवढंच बोलत होता.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. यंत्राला धूळ चालत नाही, म्हणून त्या खोलीबाहेर पायताण काढावं लागे. मी आणि माझा ड्रायव्हर खिडकीखालच्या बाकावर बूट सोडायला बसलो. बाकावर पेशंट पेंगत होते. यंत्रासाठी आत कूलर घरघरत होता आणि त्याच्या वरताण कंपाउंडर ओरडून वाचत होता. गार, वाळ्याच्या हवेबरोबर नावं बाहेर येत होती. चारठाण्याच्या कोणाची मूळव्याध, कोणाचा गर्भपात. सगळा जिल्हा झोपेत बरळतो आहे, असं वाटत होतं. तेवढ्यात ड्रायव्हरचं नाव आलं. पाठोपाठ आजारही. त्याने मान खाली घातली.

"उगी ऱ्हा बाबा," शेजारची म्हातारी म्हणाली. "इथं समद्यांचंच निघतं."

चौकशीत कळलं, मुलीची होणारी सासू गुडघ्याच्या औषधाला इथेच येत असे. तिला कोणी मुद्दाम काही सांगितलं नव्हतं. ती बाकावर बसली होती, इतकंच.

डॉक्टर ओशाळले. मोठ्याने वाचणं त्यांनी त्याच दिवशी बंद केलं. मुलीला आणि वडिलांना बोलावून म्हणाले, "मी ताडकळसला जातो. ही ठणठणीत आहे, असं समजावतो."

मुलगी मध्येच बोलली. "तुमी नका सांगू. माझं हाय, मीच सांगीन."

"येडी का काय?" वडील म्हणाले.

"आधी मला न इचारता सांगितलं, दादा," ती वडिलांना म्हणाली. "आता पुन्यांदा नको."

बाजाराच्या दिवशी ती वडिलांना घेऊन ताडकळसच्या एस.टी.त बसली. ऑपरेटरवरची तक्रार वडिलांनी मागे घेतली.

माणसांकडून माहिती काढण्यात माझी सगळी नोकरी सरली. त्या माहितीला मालक असतो, हे त्या मुलीने शिकवलं. पुढे लग्न झालं की नाही, हे एका हवालदाराला पाठवून सहज कळलं असतं. मी पाठवला नाही.