मसीराच्या टोकावरचा नारळ

सासूबाईंनी जन्मात नारळी पौर्णिमेचा नारळ चुकवला नव्हता. त्या वर्षी पौर्णिमा आली तेव्हा त्या मस्कतला, आमच्याकडे. नवरा म्हणाला, "इथेच कॉर्निशच्या किनाऱ्यावर सोडू की!"

"तो आपला दर्या नाय. रत्नागिरीला लागतो तो पायजे."

झालं! नकाशा उघडला, गाडी काढली, फेरीबोटीत चढवली आणि भर अरबी समुद्रातलं मसीरा बेट गाठलं. नवऱ्याने बेटाचं सगळ्यात पूर्वेकडचं टोक शोधलं. म्हणे, इथून नाकासमोर आपलं घर.

मस्कतच्या रुवी बाजारातून आणलेल्या नारळाला सोनेरी कागद लावलेला होता. सासूबाईंनी हळदकुंकू वाहून तो सोडला, आणि लाटेने आणून पुन्हा त्यांच्या पायाशी टाकला. परत सोडला, परत आला. मग नवऱ्याने जोर लावून भिरकावला, तरी तेच. सासूबाई मटकन वाळूत बसल्या.

"दर्या घेत नाय गो. माझं काय चुकलं?"

मी त्यांच्या शेजारी वाळूत टेकले. एरवी आमचं फारसं पटत नाही. मी गाडी शिकले तेव्हा "बायकांस कशास पायजे गाडी?" म्हणून त्या माझ्याशी फोनवर बोलेनाशा झाल्या होत्या. मी चालवत असले तर गाडीत बसायच्याच नाहीत.

नवरा घड्याळ बघत म्हणाला, "खलास, चला. फेरी चुकेल."

"चुकू दे! अहो, वारा बघा ना जरा. दक्षिणेकडून येतोय. उत्तरेला बेट संपतं, तिथे हाच वारा पाठीवर येईल. चावी द्या इकडे!"

मी स्टीअरिंगवर बसले. सासूबाई नारळ मांडीवर घेऊन निमूट मागे बसल्या. मी काय गाडी हाणली म्हणता!

टोकाला वारा असा की उभं राहवेना. एका हाताने त्यांचा पदर धरला, दुसऱ्याने दंड. त्यांनी नारळ सोडला. तो जागच्या जागी डुचमळला, माझा जीव टांगणीला, आणि मग सरकला. बाहेर, आणखी बाहेर. सोनेरी ठिपका लाटांपलीकडे गेला.

"गेला! घेतला हो घेतला!" मी लाज सोडून नाचले. सासूबाई हात जोडून रडत होत्या, हसत होत्या.

गाडीशी आलो. नवरा पुढचं दार उघडून बसणार, तेवढ्यात त्यांनी त्याला बाजूला सारलं.

"तू मागं बस रे." आणि माझ्या शेजारी बसून पट्टा ओढत म्हणाल्या, "हाण गो आता. फेरी चुकेल."