सर मला पाहायला आले

"सर मला पाहायला येणार आहेत," एवढंच मी घरी सांगितलं होतं.

मी मुंबईला समाजसेवेचं शिकत होते. शेवटच्या परीक्षेआधी एखाद्या गावात राहून काम करायचं असे. मी आमचंच इंझोरी मागून घेतलं (आईच्या हातच्या भाकरीसाठी; सांगताना मात्र 'ग्रामीण स्त्रियांची निकड' वगैरे सांगितलं). बायकांना अक्षरं शिकवायची आणि देखरेखीचे सर येऊन ते काम पाहणार. माझ्या वडिलांनी, आबांनी, आधीच बजावलं होतं, "नापास झाली का शिक्षण बंद, अन लगन."

'पाहायला' ऐकताच आबा वांग्याच्या वाफ्यातून उठले.

"काय करते पोरगा?"

"शिकवतात."

"लगन झालं हाय?"

"नाही."

मला वाटलं, पाहुणचाराची चौकशी चालली आहे.

सर यायच्या दिवशी काकूने मला धरून जांभळं लुगडं नेसवलं. "हे काहून, काकू?" "पाहुणा पाह्याले येऊन राह्यला, अन तू पांढरं नेसून बसली?" तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. धावत जाऊन आबांना सांगायला हवं होतं. पण सर मला फार आवडायचे. म्हटलं, घटकाभर चालू दे.

सर कारंज्याहून बैलगाडीने आले, आधी माझा बायकांचा वर्ग पाहिला, मग घरी आले. मी पोहे नेले.

"मुलीचं काम चोख आहे," सर म्हणाले. "मला पसंत आहे."

आबांनी काकूकडे पाहिलं. काकू म्हणाली, "पोरी, जरा चालून दाखव." मी चुलीपासून दारापर्यंत चालले. गावची रीत असेल, असं समजून सरांनी आदराने मान डोलावली.

"पुढेही तिची जबाबदारी माझीच," सर म्हणाले.

"मंग तारीख काढाची?"

सरांना वाटलं, माझ्या परत जाण्याची. "काढा की. फक्त परीक्षा सांभाळा."

"मांडव आमच्या दारी का तुमच्या?"

सरांचा घास तोंडातच राहिला. "मांडव? अहो, मी तिला तपासायला आलोय!"

"तपासाले? पोरगी हाय का म्हैस?"

मग मला सगळं सांगावंच लागलं. सर कानापर्यंत लाल झाले. आबा सरांकडे वळले.

"मंग पास झाली का नाई?"

"झाली."

"पास हाय, पसंत बी हाय म्हणता. मंग अडते कुठं?"

मी दाराआडून सरांच्या तोंडाकडे बघत राहिले. आबांना इतका नेमका प्रश्न उभ्या आयुष्यात सुचला नसेल. सरांनी पोहे संपवले, पाणी प्यायलं आणि गाडी जुंपायला सांगितली. आज आबा नाहीत, काकू नाही, पण त्या उत्तराची वाट मी अजून पाहते.

त्या दिवसानंतर सर दोनदा पाहायला आले. दोन्ही वेळा मी तेच जांभळं लुगडं नेसून शिकवत होते. दोन्ही वेळा सरांनी फळाच पाहिला.