पायाळूचा पाय

"कोन म्हंते?" हा तिचा प्रश्न नसायचा, निकाल असायचा. तो देताना ती उजवी टाच जमिनीवर आपटायची आणि समोरच्याची बोलती बंद. पायाळूवर वीज पडते, पावसात बाहेर जाऊ नको, असं कुणी सांगितलं की, "कोन म्हंते? ईज काय माहा पत्ता इचारत येते?" आणि निघाली छत्री घेऊन.

भंडाऱ्याजवळच्या शहापूरच्या शाळेत मी मास्तर होतो तेव्हा ती माझी शेजारीण. मी तिला मावशी म्हणायचो, ती मला गुरुजी. ती पायाळू होती, म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी तिचे पाय आधी बाहेर आले होते. अशा माणसाचा पाय लागला की पाठीत भरलेली उसण उतरते, हे तुम्हीही ऐकलं असेल. सकाळी तिच्या ओसरीवर कुणी ना कुणी पालथं पडलेलं असायचंच. ती तव्यावरची पोळी उतरवून यायची, कमरेवर पाय ठेवून दाबायची, "पुरे, पुरे!" ऐकू आलं की थांबायची. लोक काकड्या आणायचे, वाटीभर गूळ आणायचे. धानाची रोवणी झाली की तिच्या धाकट्या दिराची कंबर या पायाखाली ठरलेली. पायाचा तिला भारी तोरा होता, आणि का नसावा?

घरात ती आणि शेंग्या. बदली होऊन गेलेल्या कुण्या साहेबानं मागं टाकलेला, बुटक्या पायांचा, लांबोडक्या अंगाचा विलायती कुत्रा. दिवसभर खाटेवर उडी, खाटेखाली उडी.

एका सकाळी शेंग्या दुधाच्या ताटलीपाशी नुसता उभा राहिला. मान खाली घालेना, डोळे तेवढे दुधाकडे. पाठ वर उचललेली, अंग थरथरतंय, पोट ताठ. दीर म्हणाला, पोट दुखतंय, ओवा द्या. मावशीनं ताटली उचलून त्याच्या तोंडाशी धरली, तर हा घटाघटा प्याला.

"पोट दुखते त पेते कसा? मान नाईतर पाठ दुखून राहिली याची," ती म्हणाली. मग तिनं नेहमीसारखं पुढच्या पायांखाली हात घालून त्याला उचललं आणि तो असा किंचाळला, की मी अर्धी दाढी तशीच ठेवून धावलो.

भाजीच्या ट्रेमध्ये गोधडी घालून आम्ही त्याला ऑटोनं भंडाऱ्याला नेलं. जनावरांच्या डॉक्टरांनी पाठीवरून हलकेच बोटं फिरवली. मागचं पाऊल उलटं ठेवून पाहिलं, ते सरळ करायला शेंग्याला वेळ लागला. "मणक्यातली गादी सरकली आहे," ते म्हणाले. "औषध देतो, पण खरं औषध म्हणजे कोंडून ठेवणं. काही आठवडे उडी नाही, पायरी नाही, गळ्यात पट्टा नाही. उचलताना एक हात छातीखाली, एक मागच्या अंगाखाली. माणसांची दुखण्याची गोळी चुकूनही द्यायची नाही. मागचे पाय ओढायला लागला किंवा लघवी अडली, तर तडक घेऊन या. पहिल्यासारखा चालेलच असं मात्र सांगत नाही."

"कोन म्हंते?" मावशीनं टाच आपटली.

"मी म्हणतो," डॉक्टर म्हणाले.

तिला असं उत्तर देणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. परतताना तिनं ट्रे वाटभर मांडीवर धरून ठेवला.

घरी येताच तिनं खुराड्यातून कोंबड्या हाकलल्या, ते धुऊन काढलं आणि शेंग्याला आत ठेवलं. कोंबड्या माझ्या व्हरांड्यात राहायला आल्या. मला कुणी विचारलं नाही.

गावभर बोभाटा झाला. दीर चारचौघांना घेऊन आला. "वयनी, साऱ्या गावाच्या पाठी सुधारल्या तुह्या पायानं. घरच्या जिवालेच काहून नाई? एक डाव लाव ना पाय!"

शेंग्याचे मागचे पाय त्या दिवशी फारच लटपटत होते. मावशीच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, आता लावते. तिनं पाय लुगड्यात ओढून घेतला.

"नाई लागन पाय."

"तुह्याच पायावर तुहा भरोसा नाई का?"

"तू पुरे म्हंतं, तवा मले समजते. हा कसा म्हनन? सरकलेल्या मनक्यावर पाय पडला त हा उठनार नाई कधी."

"लोक म्हंतीन, पाय खोटा."

"कोन म्हंते?" टाच अशी आपटली की खुराडं हललं. "जो म्हंते त्याले इकडं पाठव!"

लोक म्हणालेच. ओसरी रिकामी पडली, काकड्या बंद झाल्या. सकाळी ती उगाच दाराकडे बघायची, ते बघून मला लोकांचा राग यायचा. पण चुकून कुणी कंबर धरून आलाच, तर तीच त्याला वाटेला लावायची, "दवाखान्यात जा. पाय बंद हाय."

औषधानं दुखणं उतरलं आणि खरी लढाई तेव्हा सुरू झाली. शेंग्याला बरं वाटू लागलं होतं, त्याला बाहेर यायचं होतं. तो दिवसभर रडायचा. शेजारणी म्हणायच्या, कसायाचं काळीज आहे बाईचं. ती खुराड्याला पाठ लावून तांदूळ निवडत बसायची. "रड बापा. रडाले पाठ लागत नाई."

त्याच दिवसांत तिनं सागवानी खाटेचे पाय सुताराकडून कापून घेतले. लग्नातली खाट! ओसरीच्या पायऱ्यांवर पोतं ठोकलेली उतरती फळी बसवली. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर शेंग्या त्या फळीवरून उतरला. मागचं अंग दारुड्यासारखं एका बाजूला जात होतं, पण चालला. मावशीनं मला ऑटो आणायला पिटाळलं. डॉक्टरांना दाखवायचं होतं.

गेल्या हिवाळ्यात मावशी गेली. मी शहापूरला पोचलो तेव्हा तिला अंगणात ठेवलं होतं आणि लोक पाया पडत होते. धानाचे भारे उचलून कंबर धरलेला दीर कसाबसा वाकला. त्यानं इकडंतिकडं पाहिलं, मग वळून खाली बसला आणि आपली पाठ तिच्या उजव्या पायाला टेकवली.

शेंग्या ओसरीवरून फळीनं उतरला, झुलत झुलत, आपल्या पायांनी. दिरासमोर उभा राहून तो भुंकला, आणि दीर उठेपर्यंत भुंकतच राहिला.

"नाई लागन पाय. मालूम हाय बापा," दीर रडत म्हणाला आणि बाजूला झाला.

मग शेंग्यानं मान खाली घातली आणि त्या पायावर हनुवटी टेकली.