लोकरीची केळी

स्कूटरवरून पडून माझं डावं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा बोटं लाकडासारखी झाली होती. डॉक्टर म्हणाले, "बोटांना काहीतरी काम द्या," आणि दाबायला एक रबरी चेंडू दिला. तो दाबून दाबून मला चेंडूचा आणि डॉक्टरांचा सारखाच राग यायला लागला. मग एका रविवारी मी कपाटातली क्रोशाची सुई काढली. बायकोला ती लग्नात कुणीतरी भेट दिली होती. तिनं पाकीटही फोडलं नव्हतं.

मी धुळ्यात एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. काचेची नळी न फोडता धुणं हे माझं मुख्य कौशल्य. मोबाइलवर बघून मी आधी साखळीचा टाका शिकलो, मग मुका खांब, मग खांब. पहिला रुमाल बायकोला दाखवला.

"छान आहे," ती म्हणाली. "त्रिकोणी रुमाल कुणी करत नाही."

मी चौकोनी केला होता.

माझी सासुरवाडी जळगावकडची. तिथं बांधापासून बांधापर्यंत केळीच. म्हणून मी मेहुण्याच्या गाडीत टांगायला लोकरीची केळीची फणी विणली. त्याच्या मित्रांनी तशाच फण्या मागितल्या. तेव्हा माझ्या मुलीनं इन्स्टाग्रामवर खातं उघडलं. ती कॉलेजात शिकते आणि या बाबतीत भीडभाड ठेवत नाही.

"बाबा, फक्त हात दाखवायचे," ती म्हणाली. "चेहरा दिसला की लोक पुढं सरकतात."

माझे हात मुळात बारीक, त्यात डावा प्लास्टरनं आणखी रोडावलेला. व्हिडिओत ते हात, पिवळी लोकर आणि मागं कुकरच्या शिट्ट्या. लोकांना आवडलं. "ताई, किती गोड!" "ताई, पुढचा भाग लवकर टाका." रावेरच्या एकानं मात्र लिहिलं, "इतकी सरळ केळी आमच्या बागेत होत नाहीत." त्याचं बरोबर होतं. मी बाक वाढवला.

ताई म्हणणाऱ्यांना मी लिहिलं, "मी ताई नाही, भाऊ आहे." त्यावर हसरे चेहरे आले. एकीनं लिहिलं, "ताई, तुमचा स्वभाव फार विनोदी आहे."

मग जळगावच्या एका महिला मंडळाचा निरोप आला. त्यांना केळी विणायला शिकायची होती. मी स्पष्ट कळवलं, "मी पुरुष आहे. चालेल का?"

उत्तर आलं, "हो हो, मिस्टरांनाही घेऊन या."

बायको म्हणाली, मीही येते, हे बघायलाच हवं. आम्ही बसनं गेलो. दारातच अध्यक्षबाईंनी बायकोला कुंकू लावलं, तिच्या खांद्यावर शाल घातली आणि टाळ्या वाजल्या. मला मागची खुर्ची दाखवली. बायकोनं टाळ्या संपू दिल्या.

"ताई हे आहेत," ती म्हणाली आणि माझ्याकडं बोट केलं.

पुढच्या रांगेतल्या एकीनं मोबाइल काढला, व्हिडिओ लावला, माझ्याजवळ येऊन माझे हात नीट पाहिले.

"हात तेच आहेत," तिनं जाहीर केलं.

अध्यक्षबाईंनी शाल बायकोच्या खांद्यावरून काढून माझ्या खांद्यावर घातली. कुंकू तिच्याकडंच राहिलं.

मी शिकवायला बसलो. सुरुवातीला मी सुईवरून नजरच वर केली नाही. पण कुणाचा तरी टाका सुटला, मी तो उचलून दिला, आणि मग सगळ्यांचेच टाके सुटायला लागले. इतकी वर्षं कॉलेजात माझ्या हातांकडं लोक बघायचे ते काही फुटलं की नाही हे पाहायला. इथं त्यांना मी बोट कसं वाकवतो ते हवं होतं. मला बरं वाटलं. एक म्हाताऱ्या अक्का माझी फणी उलटसुलट करून म्हणाल्या, "भाऊ, हाई बठ्ठं तुमीच करेल शे?"

"हो अक्का, सगळं मीच केलंय."

"मना घरवालाले चहा बी करता येत नही," त्या म्हणाल्या आणि पुन्हा विणायला लागल्या.

परत आल्यावर मुलीनं माझा चेहरा दिसेल असा व्हिडिओ टाकला. तिचं भाकीत खरं ठरलं. बरेच जण पुढं सरकले, काही कायमचे. जे राहिले ते मला भाऊ म्हणायला लागले. कॉलेजातल्या एका सरांनी जिन्यात गाठून हळूच एक फणी मागितली. "मिसेससाठी," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी ती त्यांच्या मोटारसायकलच्या किल्लीला होती.

मागच्या महिन्यात शिंदखेड्याहून एका गृहस्थांचा निरोप आला. सोबत टेबलक्लॉथचा फोटो. मोराची नक्षी, बारीक दोरा, माझ्या कामापेक्षा कितीतरी सफाईदार. खाली लिहिलं होतं, "मी केलाय. आईकडून शिकलो. बाहेर अजून कुणाला दाखवला नाही."

मी तो फोटो मोठा करून बराच वेळ बघितला. बायकोलाही दाखवला.

"त्यांना काहीतरी चांगलं लिहा," ती म्हणाली.

मला चांगलं लिहिता येत नाही. मी लिहिलं, "सुंदर आहे. उजव्या कडेचे टाके थोडे घट्ट झालेत का?"

लगेच उत्तर आलं, "हो ना! तेच तर मला जमत नाही."

मग आम्ही त्या कडेबद्दल बोलत बसलो.