लपलेल्या तारखेचं घड्याळ

आमच्या घरातलं स्विस घड्याळ मी हातात घातलं की बंद पडतं.

यात घड्याळाचा दोष नाही. ते ऑटोमॅटिक आहे. त्याला सेल लागत नाही, रोज चावी द्यावी लागत नाही. आत एक अर्धगोल वजन असतं, हात हलला की ते फिरतं आणि त्यावर घड्याळ चालतं. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडलांच्या हातात ते वर्षानुवर्षं चाललं, कारण अण्णांचा हात कधी खुरप्यावर, कधी बादलीच्या कडीवर, कधी पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरवर असतो. माझ्या हातात ते दुसऱ्या दिवशी थांबतं, कारण मी बी.ए.चा अभ्यास करतो. (पानं उलटण्याचा हेलकावा त्याला पुरत नाही, हे मी प्रयोग करून पाहिलं आहे. जाड पुस्तक घेऊनसुद्धा.) आई आल्यागेल्याला सांगते, "पोरगं लई अभ्यास करतंय. बघा की, घड्याळ बंद हाय."

तरीही ते मला हवं होतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. धाराशिवला जाताना अण्णांनी ते माझ्या मनगटावर बांधलं आणि "जपून," एवढंच म्हणाले. सुट्टीला येरमाळ्याला आलो की मी ते परत देतो, जाताना ते पुन्हा बांधतात. घड्याळ नक्की कुणाचं, हे आमच्यात कधी बोललं गेलं नाही. मला मागता येत नाही. वर्गात हजेरी देतानासुद्धा मला आधी घसा साफ करावा लागतो, मग घरात अण्णांसमोर हक्क कसला सांगणार?

हक्क सांगितला तो दाजींनी.

दाजी म्हणजे अक्काचे मिस्टर. कळंबला त्यांचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. अधिक महिना लागला की आमच्याकडं जावयाला धोंडे खायला बोलावतात, पुरणाचे धोंडे तुपात बुडवून वाढतात, आणि त्या महिन्यात जावयानं काही मागितलं तर सहसा नाही म्हणत नाहीत. बाकीचे जावई चांदीचं निरांजन नाहीतर कपडे घेऊन गप्प बसतात. दाजींनी आठ दिवस आधी अक्काकडून निरोप पाठवला: कपडे नकोत, चांदी नको, फक्त मामांचं, म्हणजे अण्णांचं, ते घड्याळ द्या.

त्यांचा मुद्दाही बिनतोड होता. हे घड्याळ अण्णांना आईच्या वडलांनी लग्नात दिलेलं. म्हणजे ते सासऱ्याकडून जावयाकडं आलं. म्हणजे ते जावयाचं घड्याळ. तर आता ते पुढच्या जावयाकडं जायला पाहिजे. मुलाचा त्यात संबंध येतो कुठं? मी इतिहासाचा विद्यार्थी आहे. वारसाहक्काच्या भांडणात इतकी स्वच्छ मांडणी मी पुस्तकातसुद्धा वाचलेली नाही.

निरोप ऐकून अण्णा म्हणाले, "बघू."

अण्णांचा 'बघू' आमच्या घरात होकार धरतात. बोअर 'बघू'मध्येच पडला, अक्काचं लग्न 'बघू'मध्येच ठरलं, माझं कॉलेजही त्यातलंच. मी समजलो, घड्याळ गेलं.

तोंडानं काही मागता येत नसल्यामुळं मी अभ्यासाचा मार्ग घेतला. दाजी दुकानात रोज डुप्लिकेट माल ओळखतात. नकली म्हटलं की ते वस्तू हातात धरत नाहीत. आमचं घड्याळ नकली आहे एवढं सिद्ध झालं, की दाजी आपण होऊन माघार घेतील, कुणाचं मन दुखणार नाही आणि घड्याळ बिनबोभाट माझ्याकडं राहील. असा माझा सुशिक्षित बेत होता.

आमच्या घड्याळाच्या कंपनीची त्याच मालिकेतली जुनी घड्याळं मी मोबाईलवर शोधायला बसलो आणि दोन दिवस उठलोच नाही. (सुट्टी असल्यानं अण्णांच्या हातातलं घड्याळ मी तेवढ्यापुरतं घेतलं होतं; ते अर्थातच बंद पडलं.) एका मालिकेत किती प्रकार असावेत! पांढरी डायल, सायीच्या रंगाची, निळी, काळी. आकड्यांच्या जागी कुठं बारीक रेघा, कुठं ठिपके. कुठं नुसती तारीख, कुठं शेजारी वारसुद्धा. कुणाचा चौकटीचा काठ गोल, कुणाचा पैलू पाडलेला. मागचं झाकण कुणाचं साधं, कुणावर शिक्का. मी सगळ्यांशी आमचं घड्याळ ताडून पाहिलं. आमचं एकाशीही जुळेना.

आमच्या घड्याळाला तारखेची खिडकीच नव्हती. पण चावी एक खटका बाहेर ओढून फिरवली तर आत काहीतरी फिरायचं. रात्री बाराच्या सुमाराला आत बारीक 'टक्' व्हायचं, म्हणजे तारीख बदलायची. फक्त ती दिसायची नाही. शिवाय आमचे आकडे मोठे, ठसठशीत, आणि प्रत्येक आकड्याच्या मागं राखाडी सावली दिलेली. अशी सावली कुठल्याच प्रकारात नव्हती.

नकली असल्याचा याहून मोठा पुरावा तो कोणता? मी जुन्या घड्याळांच्या हौशी लोकांच्या एका ग्रुपवर अण्णांच्या हातातल्या घड्याळाचे फोटो टाकले आणि नम्रपणे लिहिलं, की हे नकली असावं असं मला वाटतं, कृपया जाणकारांनी दुजोरा द्यावा.

दुजोरा कुणीच दिला नाही. पहिल्या जाणकारानं लिहिलं, असं घड्याळ आयुष्यात पाहिलं नाही. दुसरा कुणी परदेशी होता. त्याच्या मते ही 'लपलेल्या तारखेची' आवृत्ती असावी, कंपनीनं थोडीच काढून बंद केलेली. तिसऱ्यानं सावली दिलेल्या आकड्यांवर मोठा परिच्छेद लिहिला, त्यात युरोपातली छपाईची जुनी पद्धत आली. चौथ्यानं माझा जिल्हा विचारला आणि जाहीर केलं, की हे निजामाच्या अधिकाऱ्यांसाठी खास बनवून घेतलेलं घड्याळ आहे. आता इथं मला राहवलं नाही. मी लिहिलं, की ही मालिका बाजारात आली त्याच्या कितीतरी आधी निजामाचं राज्य संपलं होतं. त्यावर त्याचं उत्तर आलं: "मग तर ते आणखीच दुर्मिळ आहे."

संध्याकाळी दाजींचा फोन आला. ते त्याच ग्रुपवर होते. फोटोत अण्णांच्या मनगटामागं आमची म्हैस आली होती आणि म्हशीचं मोडकं शिंग दाजींनी ओळखलं होतं.

"दत्ता," ते मायेनं म्हणाले, "आमच्या घड्याळाची इतकी चौकशी करायलाव, लई बरं वाटलं."

'आमच्या' हा शब्द मला रात्रभर टोचत राहिला.

धोंड्याच्या दिवशी दाजी आले ते अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून, डावं मनगट मोकळं ठेवून. आपलं रोजचं घड्याळ ते घरीच काढून आले होते. जेवताना त्यांनी आग्रह न करता चार धोंडे खाल्ले आणि प्रत्येक घासाला डावा हात ताटाशेजारी असा ठेवला, की जणू नर्स सुई घेऊन येणार आहे. अक्का माझ्याकडं बघून पदरात हसत होती. तिला सगळं कळलं होतं. फक्त बाजू कुणाची घ्यावी हे तिनं जेवण होईपर्यंत राखून ठेवलं होतं.

हात धुऊन झाल्यावर दाजींनी मोबाईल काढला आणि जाणकारांची मतं अण्णांना एकेक करून वाचून दाखवली. मी खांबाला टेकून घसा साफ करत होतो. कौटुंबिक ठेवा, पुढची पिढी वगैरे चार वाक्यं मी आदल्या दिवशी पाठ केली होती, पण दाजी थांबतील तर ना. अण्णांनी सुपारी कातरत सगळं ऐकून घेतलं. लपलेल्या तारखेपाशी त्यांचा अडकित्ता थांबला.

"कंची तारीख?"

"ही आतली, मामा. लपलेली. कंपनीनं मुद्दाम खिडकी ठेवली न्हाय."

"खिडकी व्हती की," अण्णा म्हणाले. "म्या बुजविली."

मग आईला हसू फुटलं आणि पुढची हकिकत दोघांनी मिळून सांगितली. अक्का आणि मी ती पहिल्यांदाच ऐकत होतो.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी ईट गावाला आईच्या मावसबहिणीचं लग्न होतं. आधीचा महिना तीस दिवसांचा. घड्याळाला ते ठाऊक नव्हतं. त्यानं एकतीस तारीख दाखवली आणि तिथून ते कायम एक दिवस मागं चालू लागलं. अण्णांनी घड्याळात तारीख बघितली आणि आईला घेऊन निघाले. (भिंतीवर कॅलेंडर होतं. पण ते सोलापूरला छापलेलं होतं आणि घड्याळ स्वित्झर्लंडचं होतं.) ईटला पोचले तेव्हा मांडववाला बांबू टेम्पोत भरत होता. आईच्या अंगावर नवी साडी, हातात आहेर, आणि अंगणात एकच खुर्ची उरलेली, तीही न्यायची म्हणून माणूस उभा. यजमानांनी दोघांना कालची बुंदी वाढली.

"नवरी सासरी जाऊन भांडी घासायली आन आमी हितं अक्षता हातात घिऊन उभं," आई म्हणाली. "ह्यांनी मला इचारलं, अजून सनई कशी वाजंना."

परतल्यावर अण्णा तडक येरमाळ्याच्या घड्याळवाल्याकडं गेले, डायल सोडवून घेतली आणि हायवेवरच्या नंदू पेंटरकडं नेली. नंदू ट्रक-ट्रॅक्टरवर नावं टाकायचा. त्यानं खिडकीला मागून कागद चिकटवला, कंपनीचं नाव तेवढं चिकटपट्टी लावून वाचवलं आणि सगळ्या डायलवर पांढरा ऑइलपेंट मारून नवे आकडे काढले.

"सावली म्या सांगितली नव्हती," अण्णा म्हणाले. "ती त्यानं आपल्या खुशीनं दिली."

दाजींनी मोबाईल खिशात ठेवला. मोकळं मनगट हळूच मांडीखाली घेत ते म्हणाले, "मग राहू द्या, मामा. दत्ताला असू द्या. कॉलेजला जातंय पोरगं."

घड्याळ माझं झालं होतं! मला एक शब्दही बोलायची गरज नव्हती. पण आयुष्यात पहिल्यांदाच घसा आपोआप साफ झाला आणि मी एका दमात बोललो, "बरोबर आहे दाजी. बनावट वस्तू जावयाला देणं बरं दिसत नाही."

आईचं हसू थांबलं.

"बनावट? माज्या बापानं दिल्यालं घड्याळ बनावट?"

"फक्त डायल, आई."

"डायल म्हंजी तोंडच की." मग ती दाजींकडं वळली. आवाज अगदी मऊ होता, तोच जास्त भीतीदायक. "आन तुमालाबी नको झालं व्हय? पेंटरनं रंगविलं म्हणून?"

दाजींचा हात मांडीखालून आपोआप बाहेर आला. ते न्हाय न्हाय मामी, तसं कुठं म्हणालो, असं पुन्हा पुन्हा म्हणत होते. नकोच म्हणणाऱ्या जावयाला आता घड्याळ घेतल्याशिवाय सुटका नव्हती आणि ते देऊ पाहणाऱ्या सासूला दिल्याशिवाय. आईनं कुंकू आणलं, दाजींना ओवाळलं, अण्णांनी आपल्या मनगटावरून घड्याळ सोडून त्यांच्या मनगटावर बांधलं आणि म्हणाले, "जपून." अक्कानं माझ्या कानाशी येऊन शेवटी आपली बाजू जाहीर केली: "येडं हायस तू."

पाहुणे गेल्यावर अण्णा गोठ्यात भेटले. म्हशीला पेंड घालता घालता म्हणाले, "त्यांच्यासाठी कापडं आणून ठिवली व्हती म्या. घड्याळ पोराला दिलंय, असं सांगणार व्हतो जेवल्यावर. तू कशाला बोललास?"

दाजींसाठी आणलेला शर्ट आता मी कॉलेजात घालतो. दाजी अंगानं भरलेले आणि उंच आहेत, त्यामुळं बाह्या माझ्या बोटांपर्यंत येतात. 'मोठा ठेवा आहे तुझ्याकडं,' असं मित्र म्हणतात ते शर्टाबद्दल.

ग्रुपवर मी सगळं खरं लिहून टाकलं: लपलेली तारीख, ईटचं लग्न, नंदू पेंटर. निम्म्या लोकांनी विश्वास ठेवला नाही. उरलेल्यांनी एकमतानं ठरवलं, की ट्रॅक्टरच्या रंगातली ही डायल म्हणजे या मालिकेतला एक स्वतंत्र प्रकारच आहे आणि त्याचा जाणकार मी. तेव्हापासून कुणी ना कुणी शंका विचारतो आणि मी सविस्तर उत्तरं देतो. परवा त्या परदेशी गृहस्थानं विनंती केली, की घड्याळ मनगटावर घालून एक चांगला फोटो पाठवावा.

मी कळवलं, की घड्याळ कळंबला असतं आणि उत्तम चालतं. मनगट मात्र माझ्याकडंच आहे; नुसत्या मनगटाचा फोटो चालणार असेल तर बाही वर करून लगेच पाठवतो.