मागच्या अंगणातले होले

सत्तरच्या दशकात नागपुरात आम्हांला सरकारी क्वार्टर मिळालं. मागे छोटं अंगण आणि त्यात एक जांबाचं झाड होतं. बाहेरचे लोक त्याला पेरू म्हणतात. नवरा सकाळी ऑफिसला जाई तो संध्याकाळीच परते. मूलबाळ अजून नव्हतं. मी पाखरांना दाणे टाकायला लागले ते दुपारी करमत नसे म्हणून.

सुरुवातीला फक्त कावळे आणि साळुंक्या आल्या. शेजारचे काका नुकतेच रिटायर झाले होते. ते कुंपणाशी उभे राहून माझा उद्योग पाहत.

"असे नाही येत पाखरं," एक दिवस ते म्हणाले. "टाइम एकच ठेव. ज्वारी मोकळ्या जागेत पसर, बाजूले पाणी ठेव, अन् मंग हालू नको वं बाई."

त्यांचं ऐकलं आणि महिनाभरात होले उतरायला लागले. करड्या-गुलाबी रंगाची, कबुतरापेक्षा लहान पाखरं. आधी दोन, मग बारा-चौदा. चार वाजता मी दाराशी येऊन बसले की ते झाडावरून खाली येत आणि माझ्यापासून दोन हातांवर टिपत राहत. मला त्याचा फार अभिमान वाटे. काकांनाही वाटत असावा. ते रोज विचारत, "आज किती आले?"

हिवाळ्यात आम्ही आठ दिवस सावनेरला माझ्या माहेरी गेलो. जाताना ज्वारीचा डबा मी काकांकडे दिला.

परतलो त्या संध्याकाळी काकू वाटीभर रस्सा घेऊन आल्या. म्हणाल्या, काकांनी कन्हान नदीकडून तितर आणले. प्रवासातून आलेलो, भूक लागलेली. आम्ही दोघांनी भाकरी कुस्करून वाटी पुसून खाल्ली. मसाल्यात काय घातलं ते उद्या विचारायचं, असंही मी ठरवलं.

सकाळी अंगण झाडायला गेले. दाणे टाकायच्या जागी बांबूची एक कामटी जमिनीत ठोकलेली होती. तिला नायलॉनच्या दोऱ्याचा फास होता आणि फासात एक पाय. लालसर, काडीएवढा, गुडघ्याशी पिळून तुटलेला. त्यावर मुंग्या चढल्या होत्या. झाडाच्या बुंध्याशी पिसांचा ढीग होता, तोही नीट पुरलेला नव्हता.

मी मोरीत जाऊन घशात बोटं घातली. रात्रीचं जेवण सकाळी कुठे बाहेर पडतं? नुसतं कडू पाणी आलं.

तो फास घेऊन मी शेजारी गेले. काका पायरीवर चहा पीत होते.

"राह्यला वाटते एक," ते म्हणाले. "फेकून दे."

"रात्री आम्ही जे खाल्लं, ते तितर होतं ना?"

"तितर कुठं भेटते आता? होलेच व्हते. लय सवयीचे झाले ते, पळतबी नाही. एका बैठकीत सात सापडले."

"मी तुम्हांला दाणे टाकायला सांगितलं होतं, काका."

"टाकले ना. रोज टाकले." मग ते खरोखरच गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. "तू काय नुसती पाह्यासाठी टाकत होती?"

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "कोंबडी खातोच ना आपण?" खातो. पण तोंडातली ती चव जाईना. दात घासले, लवंग चघळली, तरी ती तिथेच. ते होले माझ्या वेळेला, माझ्या जागेवर आले होते. काकांनी फक्त बसून वाट पाहिली.

त्या दिवशी चार वाजता उरलेले पाच उतरले. मी केरसुणी घेऊन धावले. ते कुंपणावर बसले आणि मी थांबताच पुन्हा खाली आले. मला त्यांच्या मूर्खपणाची शिसारी आली आणि लगेच माझी स्वतःची, कारण तो मीच शिकवला होता. मग मी ढेकळं मारायला लागले. एक ढेकूळ एकाच्या पंखाला लागलं. तो तिरका उडाला आणि परत आला नाही. बाकीच्यांना सवय मोडायला दहाएक दिवस लागले.

"काहून हाकलून राहिली वं?" काकांनी कुंपणावरून विचारलं.

"दाण्यांनी उंदीर होतात," मी म्हटलं. एवढंच बोलायचं धैर्य मला झालं.

पुढे दोन वर्षं आम्ही शेजारी राहिलो. येताजाता मी त्यांना नमस्कार करत राहिले. बदली झाली तेव्हा काका सामान चढवायला आले आणि लोखंडी कपाटाची एक बाजू त्यांनीच धरली. कपाट ट्रकमध्ये गेल्यावर म्हणाले, "आमची आठवण ठेवजा." मी हो म्हटलं. त्यांचे हात अजून कपाटावरच होते. ते हात कधी निघतात याची वाट पाहत मी उभी राहिले.