पंच्याहत्तरीच्या दिवशी मामांचा एक बूट

माझ्या सासऱ्यांच्या पंच्याहत्तरीला साडेतीनशे माणसं वेळेवर आली होती. आले नव्हते ते फक्त सासरे.

आणि सासऱ्यांना आणायचं काम माझ्याकडे होतं.

सासऱ्यांना मी मामा म्हणतो. मामा साखर कारखान्यात चाळीस वर्षं टाइमकीपर होते. कारखान्याचा भोंगा मामांच्या घड्याळावर वाजायचा आणि आसपासची दहा गावं त्या भोंग्यावर जेवायला बसायची. असा माणूस! आणि माझ्या लग्नात मी बोहल्यावर पोचलो तो मुहूर्त चार मिनिटांनी टळल्यावर. तेव्हापासून ते मला ‘जावईबापू’ म्हणतात, पण असं म्हणतात, की हजेरीपटावर लाल शाईनं गैरहजेरी मांडताहेत असं वाटावं.

पंचवीस वर्षांत या माणसानं माझं एकदाही कौतुक केलेलं नाही. मी कर्जतला पंप-पाइपांचं दुकान टाकलं, तेव्हा म्हणाले, “जागा बरी हाय.” शेतात बोअरला पाणी लागलं, तर पाणाड्याची पाठ थोपटली. आमची लेक इंजिनिअर झाली, तेव्हा पेढा तोंडात टाकून म्हणाले, “आईवर गेलीय.”

म्हणून पंच्याहत्तरीचा सत्कार ठरला, तेव्हा सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं (ती मामांना आप्पा म्हणते), मला बाजूला घेतलं.

“नीट ऐका. शनिवारी आप्पांना आपल्याकडे आणून ठेवायचं. वस्तीवर राहिले, तर मांडववाल्याला घड्याळ दाखवून दाखवून पळवून लावतील. रविवारी बरोब्बर अकराला फेटा बांधून त्यांना भावाच्या वस्तीवर हजर करायचं. मी पंच्याहत्तर दिव्यांचं ताट घेऊन मांडवाच्या दारात उभी असेन. एवढं एकच काम.”

“एवढंच ना?”

“एवढंच आहे म्हणून तर भीती वाटते!” मग आवाज खाली आणून म्हणाली, “आप्पा भाषण करणारेत. मी त्यांना सांगितलंय, सगळ्यांबद्दल चार शब्द चांगले बोला. तुमच्याबद्दलसुद्धा.”

साडेतीनशे माणसांसमोर, माइकवर, मामांच्या तोंडून माझ्याबद्दल चार शब्द! मी शब्दांची अपेक्षा चारावरून दोनवर आणायलाही तयार होतो.

आता अडचण एवढीच, की तो रविवार होता. आणि रविवारी सकाळी आम्ही गोल्फ खेळतो.

हसू नका. कर्जतमध्ये गोल्फ आहे. बागवानांच्या इकबालभाईंनी (फळांचे मोठे व्यापारी, डाळिंब नुसतं हातात घेऊन आतले दाणे कसे आहेत ते सांगतात) पुण्यातल्या कुणा परदेशी निघालेल्या माणसाकडून काठ्यांची अख्खी पिशवी उचलली होती. आमचा मित्र बबन याची आठ एकर माळजमीन होती, जिथं कुसळाशिवाय काही उगवत नव्हतं. त्यात आम्ही तेलाचे डबे पुरून भोकं केली. चेंडू हळूच ढकलायला परदेशात मखमली हिरवळ लागते. आमच्याकडे बबनचं खळं होतं. पार्वतीवहिनींनी, म्हणजे बबनच्या बायकोनं, शेणानं सारवलेलं असं गुळगुळीत खळं, की चेंडू लोण्यावरून गेल्यासारखा जायचा. शनिवारी सारवताना वहिनी दर वेळी म्हणायच्या, “सारवायचं मी, आन गोट्या खेळायच्या तुमी!”

त्यात त्या रविवारी जपानमध्ये एका मोठ्या स्पर्धेचा शेवटचा दिवस होता. आपला एक भारतीय खेळाडू तिसऱ्या नंबरवर होता, दोनच फटके मागे! (गोल्फमध्ये ज्याचे फटके कमी, तो पुढे. मामांना हे समजावताना माझी अर्धी सकाळ गेली.) जपानमधली दुपार म्हणजे आपली सकाळ. मी हिशेब केला: सातला खेळायला जायचं, नऊला परत, दहाला फेटा, अकराला मांडव. मामांना घरी एकटं कसं ठेवायचं? घेतलं बरोबर!

माळावर पोचल्यावर मामांनी सगळं एकदा डोळ्यांखालून घातलं. ट्रॅक्टरच्या मडगार्डला बांधलेला मोबाईल, त्यावर चाललेली स्पर्धा आणि काठ्या घेतलेले आम्ही तीन पन्नाशीचे गृहस्थ. “नवाला निघायचं,” एवढं बोलून ते डाळिंबाच्या रिकाम्या क्रेटवर बसले. आमच्याकडे आणि मोबाईलकडे पाठ करून.

पहिला तास बरा गेला. माझा चेंडू नेहमीप्रमाणे बाभळीत गेला. मी काठी उगारून बाभळीत शिरलो. बबन खळ्यावर उकिडवा बसून एक डोळा मिटून नेम बघत होता. इकबालभाई किटलीतून चहा ओतत होते. आणि मामांच्या बुटात खडा गेला म्हणून त्यांनी डावा बूट काढून झटकला.

त्याच क्षणी जपानमध्ये आपल्या गड्यानं वाळूच्या खड्ड्यातून मारलेला चेंडू थेट भोकात गेला!

“मामा, हालू नका!” बबन किंचाळला.

मामा गोठले. “का? इच्चू हाय का?”

“इच्चू न्हाई, बूट! तुमी बूट काडला आन चेंडू आत गेला!”

“येड लागलंय का तुला?” असं म्हणून मामांनी बूट घातला.

पुढच्याच भोकाला आपल्या गड्यानं चेंडू झाडीत घातला.

इकबालभाई किटली तशीच धरून अदबीनं म्हणाले, “मामा, फक्त बघण्यापुरतं... एकदा काढून बघा ना.”

मामांनी बूट काढला. जपानमध्ये एक फटका कमी. घातला. तळ्यात! काढला. पुन्हा एक फटका कमी!

मला वाटलं, आता मामा आमची खरडपट्टी काढणार. पण माणूस चाळीस वर्षांचा टाइमकीपर! त्यांनी खिशातून छोटी वही काढली, पेन काढलं, घड्याळ बघितलं आणि लिहिलं: ‘८.१०. डावा बूट काढला. चेंडू आत.’ मग मान न वळवता सगळ्यांना एका दमात कामाला लावलं. “पैला चेंडू आत गेला तवा जो जिथं हुता, त्यो तिथंच ऱ्हायला पायजे. बबन, उकिडवा ऱ्हा. इकबालभाई, किटली तिरपी धरा. जावईबापू, बाभळ सोडायची न्हाई!”

“मामा, काटे...”

“काठी वर!”

पुढचा पाऊण तास मी बाभळीत काठी उगारून उभा होतो. इकबालभाईंचा चहा कधीच संपला होता, तरी ते रिकामी किटली ओतत होते आणि मोबाईल बघून मामांना बातमी देत होते. बबनच्या गुडघ्यांचा आवाज माझ्यापर्यंत येत होता. आणि जपानमध्ये? आपला गडी पहिल्या नंबरवर!

नऊ वाजले. “मामा, निघायचं होतं ना?” मी बाभळीतून विचारलं.

“शिफ्ट अर्धी टाकून मी आजवर कधी उठलो न्हाई.”

साडेनऊ. दहा. माझ्या खिशात फोन वाजायला लागला. मी घ्यायला हात खाली केला. “हालले!” फांद्यांची सळसळ ऐकून मामा गरजले आणि वहीत काहीतरी लिहिलं. जपानमध्ये खरोखरच एक फटका वाया गेला. साडेदहाला फोन पुन्हा वाजला. या वेळी मात्र मी घेतला, कारण नवऱ्याला जपानपेक्षा बायको जवळची असते.

“कुठं आहात?” सुनंदा.

“निघालोय! रस्त्यातच आहोत!”

“मग मागून आप्पा ‘पुन्ना हालले’ असं का ओरडले?”

“खड्डे आहेत ना रस्त्याला. गाडी हालते.”

“आप्पांना फोन द्या.”

द्यायचा कसा? ते वीस पावलांवर, मी काट्यात! “त्यांना बोलता येत नाही...” माझ्या तोंडून निघालं.

पलीकडून मांडवभर पोचेल असा सुनंदाचा आवाज: “आप्पांना बोलता येत नाही?!” त्यामागून बायकांचा एक मोठा सूर. कुणीतरी “डॉक्टर, डॉक्टर” म्हणालं. मी घाईघाईनं सगळं खरं सांगून टाकलं, बाभळीसकट. त्यावर ती एवढंच बोलली, अगदी हळू आवाजात. हळू बोलली की मी जास्त घाबरतो.

“अकराला दिवे लागतील. अकराला आप्पा इथं दिसले नाहीत, तर तुम्ही त्या बाभळीतच राहायचं. कायमचं.”

मी कळवळून म्हणालो, “मामा, साडेतीनशे माणसं थांबलीत! तुमच्या पंच्याहत्तरीला!”

“पंच्याहत्तरी कुठं पळून जाती का?” मामा म्हणाले. पण घड्याळाकडे बघून त्यांचाही चेहरा पडला. उशीर हा शब्द त्यांच्या आयुष्यात नव्हता आणि आज तो क्रेटवर त्यांच्या शेजारी येऊन बसला होता. आपला गडी आणि एक कोरियन बरोबरीत होते, तीन भोकं उरली होती.

इतका वेळ कमरेवर हात ठेवून हे बघणाऱ्या पार्वतीवहिनी पुढं आल्या. “हालायचं न्हाई ना? मग नका हालू. हाय तसं उचलून नेते!”

त्यांनी ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली. शेजारच्या वस्तीवरचे दोघं जण बोलावून मामांना क्रेटसकट, एका पायात बूट, तोंड मागं, असं ट्रॉलीत ठेवलं. बबनला उकिडवाच उचलला. (उतरवल्यावरही तो दोन दिवस तसाच होता.) इकबालभाई किटली ओतत ओतत चढले. राहिलो मी.

“ह्यांचं काय?” वहिनींनी विचारलं.

“बाभळ पायजे,” मामा म्हणाले. “वहीत बाभळ हाय.”

वहिनींनी कोयत्यानं बाभळीची भलीमोठी फांदी तोडली, ट्रॉलीत उभी केली आणि मला त्यात उभं केलं. मग पदर खोचला आणि ट्रॅक्टर असा पळवला, की रस्त्यावरच्या मोटारसायकली खाली उतरून वाट देऊ लागल्या. आठ किलोमीटर! कालव्याच्या पुलाजवळ मोबाईल अडकला. पडद्यावर आपला गडी काठी उगारून स्तब्ध आणि इकडे मी काठी उगारून स्तब्ध. पूल ओलांडल्यावर इकबालभाई ओरडले, “बरोबरीच राहिली! आता दोघं जादा भोक खेळणार! जो कमी फटक्यांत, तो जिंकला!”

बारा वाजायला वीस मिनिटं असताना आम्ही मांडवासमोर पोचलो. हलगीवाल्यांनी मिरवणूक आली असं समजून कडकडाट सुरू केला. साडेतीनशे माणसं उठून उभी राहिली आणि त्यांनी बघितलं: ट्रॉलीत एक गृहस्थ संडासला बसल्यासारखा, एक रिकामी किटली ओतणारा, एक बाभळीतला, आणि ज्यांचा सत्कार, ते मांडवाकडे पाठ करून, एका पायात बूट!

सुनंदा ताट घेऊन पुढं आली. तेल घालून घालून पाऊण तास जिवंत ठेवलेले पंच्याहत्तर दिवे. त्यांचा सगळा प्रकाश तिच्या चेहऱ्यावर होता, आणि तिचा चेहरा माझ्याकडे होता.

“आप्पा, इकडं तोंड करा. ओवाळायचंय.”

“थांब पोरी. शेवटचा फटका हाय!”

“आप्पा!”

“कुणी हालू नका!” हा आवाज चाळीस वर्षं भोंग्याशी स्पर्धा केलेला होता. मांडव जागच्या जागी थिजला. हलगीवाल्याची काडी हवेत. आचाऱ्याचा झारा हवेत. एक पाहुणे लाडू तोंडाशी नेताना तसेच राहिले. साडेतीनशे माणसं, ज्यांतल्या तीनशे चाळीसांना गोल्फ म्हणजे काय ते माहीत नव्हतं, श्वास रोखून उभी!

“कोरियनचा चुकला...” इकबालभाई कुजबुजले. “आपला नेम बघतोय... ढकलला... चाललाय... चाललाय... काठावर थांबला... नाही, नाही... गेला! आत गेला!”

मग जो गलका उठला! हलगी, शिट्ट्या, फेटे हवेत! मामा एका बुटानिशी ट्रॉलीत उभे राहून नाचले. माझ्या सासऱ्यांना दात आहेत हे मला पंचवीस वर्षांनी कळलं. सुनंदानं त्यांना ओवाळलं तेव्हा तीसुद्धा हसत होती. मी अंगातले काटे काढत विचार केला: जमलं! आता भाषण, आणि माझे चार शब्द!

मामांनी माइक हातात घेतला. खिशातून वही काढली.

“मंडळी, पंच्याहत्तर वर्षांत मला आज पैल्यांदा उशीर झाला. पन असा आनंद बी पैल्यांदाच झाला. ह्ये ज्यांच्यामुळं झालं, त्यांची नावं घेतो.” पार्वतीवहिनींचं नाव घेतलं. टाळ्या! बबनच्या गुडघ्यांचं कौतुक केलं. टाळ्या! इकबालभाईंचा हात साडेतीन तास थरथरला नाही, हे वही बघून वेळेसकट सांगितलं. खूप टाळ्या! मग माझ्याकडे वळले. मी सदरा सारखा केला.

“आन आमचे जावईबापू.”

साडेतीनशे माना माझ्याकडे वळल्या. सुनंदानं माझ्याकडे बघून मान डोलावली.

“ह्ये दोनदा हालले. धा वाजता एकदा, साडेधाला एकदा. दोन फटके वाया गेले. ह्ये हालले नसते, तर आपला गडी दोन फटक्यांनी सरळ जिंकला असता, जादाचं भोक खेळावं लागलं नसतं, आन मी हितं येळंवर आलो असतो.”

मांडवात हळहळ पसरली. पुढच्या रांगेतल्या आजीबाई माझ्याकडे बघून चुकचुकल्या. लाडूवाले पाहुणे शेजाऱ्याला म्हणाले, “एवढं बी जमलं न्हाई?”

आणि मी, खोटं कशाला सांगू, साडेतीनशे माणसांसमोर उभा राहिलो, हात जोडले आणि फोन करणारी समोरच असल्यामुळं फोनचं नाव न घेता म्हणालो, “चुकलं मामा. काटा जरा वाईट जागी होता!”